कूल अंडरटोन म्हणजे गोरेपणा नव्हे

तुळशीची लग्ने लागली, की कोल्हापुरात महाद्वार रोडपासून राजारामपुरीपर्यंत सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांत लग्नाच्या खरेदीची गर्दी सुरू होते. पूर्वी काउंटरवर एकच प्रश्न असायचा : रंग गोरा की सावळा? आता त्यात अंडरटोनची भर पडली आहे. मनगट उलटे करून शिरा पाहिल्या जातात, क्षणात निकाल लागतो आणि त्या निकालाच्या भरवशावर महागडे फाउंडेशन घेतले जाते. अंडरटोनची कल्पना मुळात चुकीची नाही. तिच्याभोवती जमलेल्या समजुती मात्र बहुतांशी चुकीच्या आहेत आणि त्यांचा सर्वांत मोठा फटका बसतो तो सावळ्या, पण कूल अंडरटोन असलेल्या मुलींना.

त्वचेचा रंग प्रामुख्याने तीन द्रव्यांतून तयार होतो : तपकिरी-काळे मेलॅनिन, रक्तातले तांबडे हिमोग्लोबिन आणि आहारातून येणारे पिवळसर कॅरोटीन. मेलॅनिन किती, यावर त्वचा उजळ की गडद हे मुख्यतः ठरते. या द्रव्यांच्या मिश्रणातून वर जी झाक दिसते, तिला अंडरटोन म्हणतात. पिवळी-सोनेरी झाक वरचढ असेल तर वॉर्म, तांबूस-गुलाबी किंवा जांभळट झाक वरचढ असेल तर कूल. रंग मोजण्यासाठी 1976 साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत रंगछटेसाठी लाल-हिरवा आणि पिवळा-निळा असे दोन अक्ष असतात. निरोगी माणसाची त्वचा मोजली, तर ती नेहमी लाल आणि पिवळ्या बाजूलाच पडते. निळ्या बाजूची त्वचा कोणाचीच नसते. म्हणजे ‘कूल’ हा शब्द तुलनेचा आहे. लाल-पिवळ्याच्या त्या मिश्रणात पिवळेपणा कमी, एवढाच त्याचा अर्थ.

गैरसमज : गोरी कांती कूल असते, सावळी आणि गव्हाळ कांती वॉर्म असते.

सगळ्या गैरसमजांचे मूळ इथे आहे. गडदपणा आणि झाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिवळसर गोऱ्या मुली कोकणात आणि देशावर भरपूर सापडतील. तशीच जांभळाच्या सालीची आठवण करून देणारी, निळसर-तांबूस चमक असलेली सावळी कांतीही घरोघरी दिसेल. पहिली वॉर्म, दुसरी कूल. तरी हा समज पटतो, याला कारणे आहेत. उजळ त्वचेत मेलॅनिन कमी असल्याने आतल्या रक्ताचा गुलाबीपणा सहज वर दिसतो आणि गुलाबी म्हणजे कूल, हे समीकरण तिथे डोळ्यांना लगेच पटते. गडद त्वचेत तोच तांबूसपणा मेलॅनिनच्या थराखाली दबतो. तो असतो, पण पाहण्यासाठी चांगला उजेड आणि थोडा वेळ लागतो. त्यात बाजाराची भर. आपल्याकडे 1975 साली आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने गोरेपणा आणि गुलाबीपणा यांची अशी सांगड घातली, की 2020 मध्ये नावातला ‘फेअर’ गेला तरी ती सांगड गेलेली नाही. याचा परिणाम काउंटरवर दिसतो : गुलाबी झाकेच्या शेड फिकट, आणि गडद शेड सगळ्या पिवळ्या किंवा नारिंगी. कूल सावळ्या मुलीच्या हाती त्यामुळे नारिंगी बाटली पडते आणि चेहरा मानेपासून तुटल्यासारखा दिसतो. दोष तिच्या रंगाचा नाही, बाटलीचा आहे. तिने मागायची ती गडदच शेड, पण लालसर तपकिरी झाकेची.

गैरसमज : मनगटावरच्या शिरा निळ्या दिसल्या तर कूल, हिरव्या दिसल्या तर वॉर्म.

ही चाचणी सोपी आहे, फुकट आहे आणि ठाम उत्तर देते, म्हणून ती सर्वत्र पसरली. शिरांमधले रक्त मात्र निळेही नसते आणि हिरवेही. ते गडद लाल असते. मग शीर निळी का दिसते? 1996 मध्ये ‘अप्लाइड ऑप्टिक्स’ या नियतकालिकात या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध झाला. लाल प्रकाश त्वचेत खोल शिरतो आणि शिरेपर्यंत पोहोचून तिथे शोषला जातो. निळा प्रकाश वरच्या थरातूनच बराचसा परत फिरतो. शिरेवरून परतणाऱ्या प्रकाशातही प्रत्यक्षात लालच अधिक असतो, पण शेजारच्या त्वचेपेक्षा तो कमी असतो आणि मेंदू या फरकाला निळे ठरवतो. शीर किती खोल आहे, किती जाड आहे, यावरही तिचा दिसणारा रंग बदलतो.

या चाचणीत खरेपणाचा अंश आहे. शिरेवरच्या त्वचेतली द्रव्ये चाळणीसारखी काम करतात. पिवळी झाक अधिक असेल तर शीर हिरवट दिसू शकते. अडचण अशी, की मेलॅनिनही निळा प्रकाश भरपूर शोषते. त्यामुळे गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत शिरा हिरवट दिसण्याकडे आधीच कल असतो, मग अंडरटोन कोणताही असो. गोऱ्या त्वचेवर जी चाचणी थोडाफार अंदाज देते, तीच आपल्याकडच्या बहुसंख्य मनगटांवर ‘वॉर्म’ असा एकतर्फी निकाल देते. खूप गडद त्वचेत तर शिरा दिसतच नाहीत. ज्या चाचणीत कूल सावळी मुलगी क्वचितच पास होऊ शकते, त्या चाचणीवर तिचे फाउंडेशन ठरवू नये.

गैरसमज : चांदी खुलली तर कूल, सोने खुलले तर वॉर्म.

गुजरीतला सोन्याचा साज आणि हुपरीची चांदी एकाच जिल्ह्यात असताना ही चाचणी कोल्हापुरात लोकप्रिय न होती तरच नवल. पण ती ज्या देशांत रूढ झाली, तिथले रोजचे सोने बहुधा 14 किंवा 18 कॅरेटचे, फिकट असते. आपले 22 कॅरेटचे सोने गर्द पिवळे असते आणि सावळ्या किंवा गव्हाळ गळ्यावर ते तीव्र विरोधामुळे उठून दिसते. ते कूल कांतीवर उठते आणि वॉर्म कांतीवरही उठते, म्हणजे चाचणीने काहीच वेगळे केले नाही. शिवाय घासलेला धातू भोवतालचा रंग परावर्तित करतो. हिरव्या चुड्याशेजारची चांदी आणि पांढऱ्या भिंतीसमोरची चांदी एकसारखी दिसत नाही. आणि इथे सोन्याकडे कोणी कोऱ्या नजरेने पाहत नाही. साज घातलेली नवरी सुंदर दिसते, त्यात आईच्या, आजीच्या आठवणी असतात, मान असतो. तो आनंद खरा आहे. अंडरटोनचा पुरावा म्हणून मात्र तो चालत नाही.

कूल कांतीच्या नवरीने साज घालू नये, असे काहीजणी सांगतात. त्याला काडीचाही आधार नाही. सोन्याच्या शेजारी चेहरा पिवळट वाटत असेल, तर उपाय चेहऱ्यावर करायचा : पापणीवर झळाळत्या पिवळ्या सोनेरीऐवजी गुलाबीसर सोनेरी किंवा आमसुली छटा, गालावर पीचऐवजी डाळिंबी, आणि ओठांवर निळसर झाकेचा लाल.

गैरसमज : कूल अंडरटोनला गुलाबी शेड हमखास शोभते.

‘कूल म्हणजे गुलाबी’ एवढेच लक्षात ठेवलेल्या मुलीला काउंटरवर बेबी पिंक लिपस्टिक आणि गुलाबी कॉम्पॅक्ट दाखवला जातो. सावळ्या कांतीवर दोन्ही राखट दिसतात आणि मग तीच मुलगी ठरवते, की आपल्याला मेकअपच शोभत नाही. असे का घडते, हे डब्यातल्या रंगद्रव्यांवरून कळते. फाउंडेशन आणि कॉम्पॅक्टमध्ये पिवळा, तांबडा आणि काळा असे तीन लोह ऑक्साइड असतात आणि फिकटपणासाठी पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड घालतात. शेड जितकी फिकट, तितके हे पांढरे द्रव्य अधिक. त्याचे बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. गडद त्वचेवर त्याचा पातळ थर बसला, की निळसर-करडा पडदा दिसतो. पांढुरक्या सनस्क्रीनमुळे चेहरा भुरकट दिसतो तोही याच कारणाने. तो करडेपणा झाकेमुळे आलेला नसतो, फिकटपणामुळे आलेला असतो.

लिपस्टिकबाबत हे आणखी ठळक होते. आपल्याकडे अनेकींच्या ओठांत मुळातच तपकिरी-जांभळा रंग असतो, वरच्या ओठात बहुधा जास्त. त्यावर फिकट पारदर्शक गुलाबी लावला, की मिश्रण मातकट होते. याउलट राणी, डाळिंबी, आमसुली, वांगी, जांभूळ, वाइन या गडद छटा त्याच ओठांवर उजळून दिसतात, कारण त्यांचा निळा पाया ओठांच्या मूळ रंगाशी जुळतो. रोजच्या वापराची ‘न्यूड’ हवी असेल, तर ती फिकट नसावी. स्वतःच्या ओठांपेक्षा एक-दोन पायऱ्या गडद अशी गुलाबीसर तपकिरी असावी. गालासाठीही हाच नियम. गोऱ्या कूल कांतीला हलका गुलाबी पुरतो, गव्हाळ कूल कांतीला राणीकडे झुकणारा, आणि गडद कूल कांतीला डबीत भीतीदायक वाटेल असा डाळिंबी किंवा जांभळा. गालावर पसरल्यावर तो नैसर्गिक लालीसारखा दिसतो.

गैरसमज : कूल कांतीला पिवळा, केशरी आणि लाल रंग वर्ज्य.

हळदीला पिवळी साडी, लग्नात अष्टपुत्री, कपाळी कुंकू : हे सगळे वर्ज्य करून कोल्हापुरात लग्न कसे लागणार? या समजाचे एक मूळ कॅरोल जॅक्सन यांच्या 1980 मधल्या ‘कलर मी ब्युटिफुल’ या अमेरिकी पुस्तकात आहे. माणसांची चार ऋतूंत विभागणी करून प्रत्येकाला ठरावीक रंग देण्याची पद्धत त्याने घरोघरी नेली. त्या वर्गवारीला केस आणि डोळ्यांच्या रंगांतल्या मोठ्या फरकांचा आधार होता. जिथे जवळपास सगळ्यांचे केस आणि डोळे काळे किंवा गडद तपकिरी असतात, तिथे तो आधार निखळतो आणि उरते ती केवळ मनाईंची यादी.

या मनाईमागे एक खरे निरीक्षण मात्र आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल गोबलँ येथील कापडकारखान्यात रंगाईचे प्रमुख असताना काळा धागा निळ्या-जांभळ्या विणीत फिका पडतो, अशी तक्रार आली. तपासल्यावर रंगात दोष सापडला नाही; शेजारचा रंग नजर बदलत होता. 1839 साली त्यांनी त्यावर ग्रंथच लिहिला. गर्द पिवळ्या साडीशेजारी त्वचेतला निळसर-जांभळटपणा डोळ्यांना जास्त जाणवतो, तो याच नियमाने. पण त्याचा निष्कर्ष ‘पिवळे नेसू नका’ असा होत नाही. चेहऱ्याजवळचे रंग सांभाळले की पुरे. साडी पिवळी आणि ब्लाउज राणी किंवा वांगी असेल, तर चेहऱ्याला लागून पिवळे उरतच नाही. लाल रंगाची तर बंदी संभवतच नाही, कारण लालाची दोन्ही कुळे आहेत : शेंदरी, विटकरी आणि गाजरी हे वॉर्म, डाळिंबी, किरमिजी आणि आमसुली हे कूल. हिरव्यात पोपटी वॉर्म, मोरपंखी कूल. रंग टाळायचा नसतो, त्यातली आपली छटा निवडायची असते.

गैरसमज : हळद लागली, की कांती कायमची उजळते आणि वॉर्म होते.

हळदीतले कर्क्युमिन त्वचेच्या सर्वांत वरच्या, निर्जीव पेशींना रंगवते. काही दिवसांत त्या पेशी झडतात, कर्क्युमिन उजेडाने फिके पडते आणि मूळ रंग परत येतो. आत मेलॅनिन होते तेवढेच राहते. पण हळदीनंतरचे दोन-तीन दिवस चेहरा खरोखर पिवळा असतो आणि नेमक्या त्याच दिवसांत मेकअप होतो, म्हणून समज टिकून राहतो. व्यवहारात लक्षात ठेवायचे ते इतकेच : शेडची निवड आणि मेकअपची चाचणी हळदीच्या आधी करावी, आणि पिवळी झाक उरली असेल तर लग्नादिवशी गळ्यालाही फाउंडेशनचा पातळ हात द्यावा. उन्हात रापलेल्या चेहऱ्याचेही असेच आहे. उन्हाने मेलॅनिन वाढते, चेहरा गडद होतो; मूळ झाक पाहायची असेल तर कानामागे किंवा छातीच्या वरच्या भागावर पाहावी.

गैरसमज : गाल आणि नाक लाल दिसतात, म्हणजे अंडरटोन कूल.

मुरूम, खाज, ऊन, तिखट जेवण, काही त्वचाविकार : यांतल्या कशानेही चेहरा लाल होतो. ती वरवरची लाली आहे. निर्णय मानेवरून करावा.

गैरसमज : बाटलीवर ‘सी’ म्हणजे कूल, ‘डब्ल्यू’ म्हणजे वॉर्म, एवढे वाचले की झाले.

अक्षरांचा अर्थ प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने ठरवते. ‘मॅक’ या नामांकित कंपनीच्या शेडमध्ये ‘एनसी’ ही अक्षरे सोनेरी-पिवळसर कांतीसाठी आणि ‘एनडब्ल्यू’ गुलाबीसर कांतीसाठी आहेत, म्हणजे अपेक्षेच्या नेमके उलटे. एका कंपनीची शेड दुसऱ्या कंपनीत अक्षरांवरून शोधणे व्यर्थ आहे. शिवाय पुष्कळ जणी कूल आणि वॉर्म यांच्या मध्ये असतात, काहींच्या कांतीत हिरवट ऑलिव्ह झाक असते. त्यांना ओढूनताणून एका बाजूला बसवू नये.

गैरसमज : फोटोत छान दिसले, म्हणजे शेड बरोबर.

कोल्हापूरला तरी हे पटायला जड जाऊ नये. बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ 1920 साली आला, त्या मूकपटांच्या काळात सर्रास वापरली जाणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंग टिपू शकत नसे. लाल ओठ पडद्यावर काळे यायचे, निळे आकाश पांढरे पडायचे, तांबूस चेहरा असायचा त्यापेक्षा गडद दिसायचा. म्हणून जगभरच्या नटनट्यांची रंगभूषा फिल्मला मानवेल अशी असे, प्रत्यक्ष पाहणाऱ्याला ती विचित्र वाटे. सर्व रंगांना प्रतिसाद देणारी पँक्रोमॅटिक फिल्म रूढ झाली तेव्हा रंगभूषा नव्याने घडवावी लागली. मॅक्स फॅक्टर यांनी 1928 मध्ये तिच्यासाठी वेगळी प्रसाधने काढली. पुढे 1929 साली कोल्हापुरातच स्थापन झालेल्या ‘प्रभात’ने 1933 मध्ये ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचा प्रयत्न केला, रंगांचे काम जर्मनीत करून घेतले, पण पडद्यावरचे रंग समाधानकारक उतरले नाहीत. चेहरे तेच होते, यंत्र वेगळे निघाले.

आजचा मोबाइलही तटस्थ नाही. तो उजेडाचा रंग स्वतः ठरवून दुरुस्त करतो, त्वचा गुळगुळीत करतो, अनेकदा न विचारता उजळवतो. पिवळ्या दिव्यांच्या मंगल कार्यालयात तो निळेपणा मिसळतो, आणि वॉर्म फाउंडेशन लावलेली कूल कांती पडद्यावर व्यवस्थित दिसते. बाहेर मांडवात आल्यावर पाहुण्यांना मात्र नारिंगी चेहरा दिसतो.

गैरसमज : फाउंडेशन हाताच्या मागच्या बाजूवर पाहावे आणि एक शेड उजळ घ्यावे.

हात चेहऱ्यापेक्षा वेगळा रापतो, त्यामुळे तिथे जुळलेली शेड चेहऱ्यावर जुळेलच असे नाही. उजळ शेडचा सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण परिणाम वर सांगितला तोच : राखट मुखवटा. खरी पद्धत जुनी आणि साधी आहे. जवळजवळ सारख्या गडदपणाच्या, पण वेगवेगळ्या झाकेच्या तीन शेडचे पट्टे जबड्याच्या कडेपासून मानेवर ओढावेत. दहा-पंधरा मिनिटे थांबावे, कारण त्यातले द्रव उडून जातात, त्वचेचे तेल मिसळते आणि रंग बऱ्याचदा गडद होतो. मग दुकानाबाहेर येऊन, थेट उन्हात नव्हे तर सावलीतल्या दिवसाच्या उजेडात आरसा धरावा. चित्रकार आपल्या स्टुडिओसाठी उत्तरेची खिडकी शोधतात, ती अशाच स्थिर उजेडासाठी. जो पट्टा दिसेनासा होतो, ती आपली शेड. तिच्यावर कूल लिहिले आहे की वॉर्म, याला त्यानंतर महत्त्व उरत नाही.

कोल्हापुरातल्या दुकानदारांना आणि पार्लरचालक ताईंना एक विनंती : गडद शेडमध्ये लालसर आणि जांभळट झाकेच्या बाटल्याही मागवून ठेवा, आणि पट्टे लावलेल्या मुलीला आरसा घेऊन दुकानाच्या पायरीपर्यंत जाऊ द्या. आणि खरेदीला निघालेल्या मुलींनो, दिवसा जा, धुतलेल्या चेहऱ्याने जा, आणि मानेवर पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.